बागेत 'जाऊ द्या' म्हणायचं नाही

माझ्या मेहुण्याला कुठलीही गोष्ट अर्धवट ठेवता येत नाही. हा त्याचा गुण आहे असं माझी बायको म्हणते. ती त्याची थोरली बहीण, तिला तसं म्हणणं भाग आहे. मी त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. माझं मत वेगळं आहे.

तो घरी आला की आधी आमचं जेवणाचं टेबल हलवून बघायचा. ते डगमगतं हे आम्हाला ठाऊक होतं. कप जरा आत सरकवून ठेवला की भागायचं. पण हा खाली बसायचा, टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारायचा, उठायचा, हलवायचा, पुन्हा बसायचा. तोवर चहावर साय. शेवटी निकाल द्यायचा, "ताई, टेबलाचा काही दोष नाही. फरशीच उतरती आहे."

"मग आता फरशी उखडू का?" मी विचारायचो.

"भावोजी, मी फक्त सांगितलं."

"अहो, त्याला कशाला बोलता?" बायको आतून ओरडायची. तिला माझंच बोलणं ऐकू यायचं.

ह्या स्वभावापायी तो कुठे टिकला नव्हता. फर्निचरच्या कारखान्यात एकाच खुर्चीला तो पुन्हा पुन्हा पॉलिशपेपर मारत बसायचा. तिथून काढलं. छापखान्यातून काढलं. मग बायकोने माझ्या मागे लागून त्याला आमच्याकडे चिकटवलं. आमचं काम झाडं छाटण्याचं. जिथे सरळ पाडता येत नाहीत अशी मोठी झाडं, लोकांच्या घरांवर झुकलेली. आधी मी दोर बांधून चढायचो. गुडघे बोलायला लागले तेव्हा मालकाने लिफ्ट घेतली.

ही लिफ्ट म्हणजे इमारतीतली नव्हे. रबरी पट्ट्यांवर चालणारं यंत्र, त्याला घडी होणारा लांब हात, हाताच्या टोकाला पाळणा. पाळण्यात करवत घेऊन मी. कामाच्या जागी पोचलं की यंत्र चार बाजूंना चार जॅक पसरतं आणि त्यांच्यावर स्वतःला उचलून उभं राहतं. सगळा भार त्या चार टोकांवर. सिमेंटवर काही वाटत नाही. पण बागेत, ओल्या मातीत, उतारावर, एक जॅक बोटभर खचला तरी वर माझा पाळणा हातभर झुकतो.

लिफ्ट मेहुण्याच्या हातात आली आणि पहिल्यांदाच त्याचा स्वभाव कुणाच्या तरी उपयोगी पडला. तो माझ्या. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायची गरज नाही.

पण त्याच्यापायी किती वेळ जायचा! जागेवर गेल्यावर आधी तो नुसता चालायचा. मग टाच मारून बघायचा. मग पहार घेऊन जिथे जिथे जॅक येणार तिथे तिथे खुपसायचा, आणि पहारीवर कान ठेवल्यासारखा मान वाकडी करून उभा राहायचा. मग फळ्या. पट्ट्यांच्या वाटेवर फळ्या, जॅकखाली जाड फळ्या, फळ्यांखाली ठोकळे. यंत्र उभं केलं की तबकडीतला बुडबुडा मधोमध आणायचा. मधोमध आला की म्हणायचा, "आता बसू दे." माती दबेपर्यंत वाट बघायची आणि बुडबुडा पुन्हा बघायचा. सगळे त्याला पाणसळ म्हणायचे. गवंडी ज्या नळीतला बुडबुडा बघून भिंत सरळ करतो ती पाणसळ. नाव मी ठेवलं होतं. टोचावं म्हणून. तो म्हणाला, "बरोबर आहे."

त्याचं दुसरं खूळ म्हणजे शब्द. यंत्र हलवताना आपण सगळे जे ओरडतो ते त्याला चालायचं नाही. 'घे' बंद. "घे म्हणजे कुठे घे? वर घे, खाली घे, की अंगावर घे?" 'येऊ द्या' बंद. आणि सगळ्यांत आधी बंद केलं ते 'जाऊ द्या.'

"तुम्ही भांडण मिटवताना जाऊ द्या म्हणता आणि गाडी पुढे घालतानाही जाऊ द्याच म्हणता. यंत्राने काय समजायचं?"

"यंत्राला कान नाहीत," मी म्हणालो.

"चालवणाऱ्याला आहेत, भावोजी."

त्याने पुढे, मागे आणि थांब एवढेच शब्द ठेवले. 'थांब' कुणीही म्हणावं, आणि कुणीही म्हटलं तरी थांबायचं. बाकी बोलणं यंत्र बंद झाल्यावर. त्यामुळे आमची वेगळीच पंचाईत झाली. कामावर दोघांची जुंपली तरी तिसऱ्याला 'जाऊ दे रे' म्हणता येईना. भांडणं लांबायला लागली.

तो दर वेळी बरोबर असायचा असंही नाही. एका शाळेच्या मैदानात जमीन पोकळ आहे म्हणून त्याने सगळी सकाळ पहार मारण्यात घालवली. खणून बघितलं तर खाली दगड. तोवर शाळा सुटली, मैदान मुलांनी भरलं, काम राहिलं. मालक तेव्हा गप्प बसला, पण मनात ठेवलं. मालक आणि मी पूर्वी एकाच दोरावर काम केलेले. तो गप्प बसला की पुढे काय येतं ते मला ठाऊक होतं.

ते आलं निलगिरीच्या कामाच्या आदल्या दिवशी. मालक मेहुण्याला म्हणाला, "उद्या जर जमिनीची नाडी बघत बसलास तर लिफ्टची किल्ली सुसाटकडे जाईल. कायमची. तू फांद्या वाहा."

सुसाट आमच्या ट्रकवर होता. नावावरून कळेलच. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला ब्रेक ही यंत्राची कमजोरी वाटायची.

रात्री बायकोने मला भाकरी वाढता वाढता विचारलं, "अहो, उद्या जरा त्याला सांभाळून घ्याल ना? हेही गेलं तर तो कुठे जाईल?"

"त्याने मला सांभाळून घ्यायचं असतं," मी म्हणालो. "वर मी असतो."

जागा म्हणजे एका बंगल्यामागची बाग. बाग कसली, उतारच तो. वर स्वयंपाकघर, खाली ओढा, मधे गवत आणि वाफे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला जुनी निलगिरी, आणि तिची एक जाड फांदी बरोबर स्वयंपाकघराच्या छपरावर. बेचक्यात उभी चीर गेलेली. निलगिरीला फांदी टाकायला वारा लागत नाही. तिला वाटेल तेव्हा टाकते.

घरात एक आजी एकट्या. त्यांनी आम्हाला फाटकातच अडवलं. "गवत दिसतंय तिथे चाला. गवत दिसत नाही तिथे माझे लिलीचे कंद झोपलेत. रिकामी जागा समजू नका."

"आजी, फांदी तुमच्या डोक्यावर आहे," मी म्हणालो.

"माझं काय राहिलंय? कंदांनी कुणाचं काय बिघडवलंय?"

मेहुण्याला त्या लगेच आवडल्या. मला तेव्हाच धडकी भरली. तो त्यांच्या मागून वाफ्यावाफ्याने फिरला, कंद कुठे आहेत ते विचारून काटक्या रोवत. मग पहार. वरच्या अंगाची माती घट्ट निघाली, तिथे त्याने फळ्या अंथरल्या. मग खालच्या अंगाला, जिथे शेवटचा जॅक येणार होता तिथे, त्याने पहार खुपसली आणि ती त्याच्या हातातून निसटून मुठीपर्यंत आत गेली.

"इथे काय होतं, आजी?"

"खड्डा होता मोठा. बंगला बांधला तेव्हा उरलेल्या विटा, माती, काय काय त्यात ढकललं. वर गवत लावलं."

मेहुण्याने पहार उपटली. "इथे जॅक नाही. इथून यंत्र न्यायचंही नाही. शेजारचं कुंपण उघडायचं आणि वरून यायचं."

शेजारचं कुंपण म्हणजे शेजाऱ्यांची परवानगी, खिळे उपटणं, फळ्या नव्याने अंथरणं. म्हणजे दुपार. मी कपाळावर हात मारला. "अरे, मालकाने काल काय सांगितलं ते आठवतंय ना? दोन फळ्या जास्त टाक आणि चल."

"फळी काय करणार? फळीखाली जमीन लागते."

"दर वेळी पोकळ निघतेच असं नाही."

"शाळेचं बोलताय?"

"हो, शाळेचं बोलतोय."

"तेव्हा चुकलो होतो," तो म्हणाला आणि शेजाऱ्यांची घंटी वाजवायला निघाला. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तेवढ्यात मालक आला, सोबत सुसाट. मालकाने यंत्राकडे बघितलं. ते अजून ट्रकवरच होतं. त्याने काही विचारलंच नाही, नुसता हात पुढे केला. मेहुण्याने खिशातून किल्ली काढली, तिच्यावरची माती शर्टाला पुसली आणि दिली. चेहरा असा की कुणीतरी त्याचं ताट उचललंय.

"तू फळ्या बघ," मालक म्हणाला.

"फळ्या मधेच संपतात," मेहुणा सुसाटला म्हणाला. "टोकाला आलास की थांब. पुढे भराव आहे."

"कळलं रे," सुसाट म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं, हे मी नमूद करतो.

यंत्र उतरवलं. सुसाट रिमोट गळ्यात अडकवून बाजूने चालू लागला. मालक पुढे, उलटा चालत, हाताने इशारे करत. मी मागे. मेहुणा फळ्यांच्या टोकाशी गुडघ्यावर बसून एका ठोकळ्यावर हातोडी मारत होता. किल्ली गेली, काम गेलं, पण फळी त्याने अंथरलेली, ती हललेली त्याला बघवेना. मी त्याला दोनदा उठ म्हणालो. उठला नाही.

स्वयंपाकघराच्या पायरीजवळून जाताना वरच्या अंगाचा पट्टा एका कुंडीला घासला. कुंडी फुटली. आजी बाहेर आल्या.

"अहो, ती माझ्या लग्नाआधीची कुंडी!"

मालकाने इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून हात हलवला. "जाऊ द्या हो, जाऊ द्या!"

आजींना म्हणाला. पण सुसाटचे डोळे पट्ट्यावर होते, आणि कान मालकाकडे. एरवी मालक त्याला अरे-तुरे करायचा, पण गाडी घालताना आपण सगळेच सगळ्यांना 'द्या' म्हणतो. सुसाटने रिमोटचे दोन्ही दांडे पुढे ढकलले.

"थांब!" मेहुणा ओरडला.

सुसाट थांबला. पण तोवर पुढचा भाग फळीवरून उतरला होता. खालच्या अंगाचा पट्टा गवतात शिरला आणि शिरतच राहिला, हळूहळू, कुणी म्हातारा खुर्चीत बसतो तसा. वरचा पट्टा जमीन सोडून हवेत. यंत्र कलंडलं, आणि घडी केलेला हात निलगिरीच्या बुंध्यावर जाऊन आदळला. साल सोलून निघाली. बुंधा नसता तर यंत्र ओढ्यात गेलं असतं. मेहुणा वरच्या बाजूला लोळला म्हणून वाचला. उठला तेव्हा हातोडी त्याच्या हातात होती, ठोकळा पट्ट्याखाली गेला होता.

मग सगळे बोलले.

"थांब म्हणून सांगितलं होतं ना तुला?" मालक सुसाटवर धावला.

"तुम्हीच म्हणालात जाऊ द्या!"

"तुला नाही म्हणालो!"

"मग कुणाला?"

"आजींना!"

"मला म्हणाले," आजी म्हणाल्या. "आणि मी मुळीच जाऊ देणार नाहीये. कुंडी गेली ती गेली, आता हे काय?"

"मालक, तुम्ही यंत्रासमोर उभे, हात हलवताय, जाऊ द्या म्हणताय, मी काय समजू?"

मालक माझ्याकडे वळला. मी आकाशाकडे बघितलं. मेहुणा पट्ट्याखाली वाकून बघत होता. म्हणाला, "इंजिन बंद कर. सगळे वर या. खालच्या बाजूला कुणी थांबू नका." सगळे निमूट वर आलो. मालकही.

यंत्र बाहेर काढायला ट्रकचा ओढदोर लागणार होता, आणि तो वरूनच आणता येत होता, शेजारच्या कुंपणातून. म्हणजे कुंपण उघडलंच. शेजारी भले निघाले, त्यांनी स्वतःच पकड आणून दिली. मेहुण्याने भरावात ठोकळ्यांची चळत रचली, पट्टा इंच इंच उचलला, खाली फळी सारली, पुन्हा उचलला. मी, मालक, सुसाट, तिघे माती उपसत होतो. सुसाट इतक्या सावकाश काम करताना मी पहिल्यांदाच बघितला. ऊन कलायच्या आत यंत्र वर शेजारच्या अंगणात, घट्ट जमिनीवर उभं होतं, चिखलाने माखलेलं, पण उभं.

मालकाने किल्ली मेहुण्याच्या तळहातावर ठेवली. माझा जीव भांड्यात पडला. बायकोला काय सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागलो.

"अजून उजेड आहे," मालक म्हणाला. "फांदी तेवढी उतरवा."

"आज नाही," मेहुणा म्हणाला.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"हात बुंध्यावर आदळलाय. आतली नळी, खिळी, काही सरकलं असेल तर बाहेरून दिसत नाही. मेकॅनिकने बघितल्याशिवाय पाळण्यात माणूस चढणार नाही."

"हात ठीक आहे. मी बघितला."

"तुम्ही रंग बघितला."

मालकाचा चेहरा लाल झाला. "मग किल्ली परत आण. सुसाट चढवेल."

अरे मूर्खा, मी मनात म्हणालो, आत्ता तर मिळाली. गप्प बस, हो म्हण. तो किल्ली पुढे धरून उभा राहिला. पुन्हा शर्टाला पुसलेली. सुसाट आपल्या बुटांकडे बघू लागला. मालक किल्ली घेईना, आणि हा खिशात घालेना.

शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण वर मीच चढणार होतो.

मी थकलो होतो. मातीने नखं भरलेली, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि त्या माणसाचा मला इतका वैताग आला होता की त्याच्याच हातोडीने त्याला हाणावं. "मालक," मी म्हणालो, "मला हाच वर नेईल. दुसऱ्या कुणाच्या हाताने मी चढणार नाही. आणि हा उद्या म्हणतोय, तर उद्या."

"तू पण?"

"मी काय करू? मेहुणा माझा आहे, पण पाळण्यात मी एकटाच असतो."

मालकाने हात झटकले आणि मेकॅनिकला फोन लावायला निघून गेला. जाताना पुटपुटला ते मी ऐकलं, पण इथे लिहिणार नाही.

आजींना त्या रात्री स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका असं सांगितलं. त्यांनी शेगडी पुढच्या खोलीत हलवायची ठरवली आणि उचलायला मला लावलं. मेहुणा ती समपातळीत बसली की नाही ते बघत होता.

घरी गेल्यावर बायकोने दार उघडायच्या आधीच विचारलं, "किल्ली कुणाकडे आहे?"

"त्याच्याकडे. आत्तापुरती."

"लागलं नाही ना कुणाला?"

"मला भूक लागली आहे."

ती हसली. "लहानपणी मी त्याला पाळण्यात झोके दिले. आता तो तुम्हाला देतो."

"झोके देत नाही. तीच तर भानगड आहे."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने हात उलगडून बघितला, नळ्या बघितल्या, खिळ्या ठोकून बघितल्या. काही सापडलं नाही. काहीही नाही. म्हणजे आम्ही आदल्या दिवशीच फांदी उतरवून मोकळे झालो असतो. मी मेहुण्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणी खाली मान घातली असती. तो म्हणाला, "बरं झालं."

मालकही तिथेच होता. मला वाटलं आता किल्ली जाते. त्याने बराच वेळ खिशात हात घालून यंत्राकडे बघितलं. मग सुसाटला ट्रक घेऊन दुसऱ्या कामावर पिटाळलं आणि मेहुण्याला म्हणाला, "किल्ली राहू दे तुझ्याकडे. पण संध्याकाळपर्यंत संपव."

"बघतो," मेहुणा म्हणाला.

हो म्हणायला काय झालं होतं? जिभेला फोड आले असते का? पण मालक गेलाही होता.

मग सगळं पहिल्यापासून. पहार, फळ्या, ठोकळे, बुडबुडा, बसू दे, पुन्हा बुडबुडा. कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून मी पाळण्यात बसून राहिलो, जमिनीपासून हातभर वर, मूल जेवायला बसवावं तसा. शेवटी त्याने मला वर नेलं. फांदीला दोर बांधून मी टोकाकडून तुकडे कापत आलो, एकेक तुकडा छपराला न लागता खाली गेला. यंत्राचा हात फिरवला की तो थांबायचा, चारही जॅक बघून यायचा, मग पुढे. वर निलगिरीचा वास, खाली तो मान वर करून उभा. पाळणा डुगडुगला नाही. हे मान्य करतो. बेचक्यातली चीर मी जवळून बघितली, तिच्यात माझा पंजा गेला असता.

काम उजेडातच संपलं. फांद्या आमच्या टेम्पोत भरल्या, यंत्र मागच्या ट्रॉलीवर बांधलं, कुंपण पुन्हा ठोकलं. मी पुढे बसलो. मेहुण्याचा पत्ता नाही. उतरून बघितलं तर हा बागेत, हातात आजींचं दाताळं. फळ्यांखाली दबलेलं गवत उलट्या बाजूने विंचरून उभं करत होता. आजी पायरीवर बसून सांगत होत्या, तिथे राहिलं, तिथे अजून राहिलं.

"अरे, गवत आपोआप उठतं!" मी ओरडलो.

"उठेल, भावोजी. आडवं वाढलेलं मला बघवत नाही."

मी परत जाऊन गाडीत बसलो आणि हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. शेजाऱ्यांनी खिडकी उघडून बघितलं. तो अजून दुसऱ्याच फळीच्या जागेवर होता.